उस्तादांची कोरी जागा

संपादकांचे पत्र आले. त्यात लिहिले होते, "दिवाळीच्या खास अंकासाठी आपल्या धंद्यातले अनुभव लिहून पाठवावे. मात्र कृपा करून या वेळी कोणाचा धिक्कार करू नये." शेवटचे वाक्य त्यांनी मुद्दाम वेगळ्या ओळीवर घातले आहे. मला ओळखणाऱ्या माणसाने ते लिहिले आहे हे उघड आहे, म्हणून रागावत नाही. प्रयत्न करतो.

मी देवासच्या एका छापखान्यात जुळारी आहे. ज्यांनी छापखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिशाच्या बारीक बारीक तुकड्यांवर उलटी अक्षरे ओतलेली असतात, त्यांना आम्ही खिळे म्हणतो. लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळीवर ओळ रचून पान करायचे, ते लोखंडी चौकटीत आवळायचे, शाई लावायची आणि वर कागद ठेवून दाबायचा. मराठीला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरून इतके खण लागतात की नवा माणूस पहिले सहा महिने नुसता शोधतच असतो. आणि एक गोष्ट बाहेरच्या कोणालाच ठाऊक नसते, ती अशी की कागदावर जिथे काहीच दिसत नाही, तिथेही शिसे भरावे लागते. कोरे खिळे, कोऱ्या पट्ट्या. त्या अक्षरांपेक्षा थोड्या ठेंगण्या असतात, म्हणून त्यांना शाई लागत नाही. पण त्या नसल्या तर सगळे पान चौकटीतून गळून जमिनीवर पडते.

ही गोष्ट मला ज्यांनी शिकवली, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

पण आधी माझ्याविषयी चार शब्द, कारण पुढची चूक माझी आहे. माझे वडील दरबारी दप्तरात कारकून होते आणि त्यांना चोपड्यांचे व्यसन होते. पुण्याहून, मुंबईहून, इंदुराहून, जिथून मिळतील तिथून ते लहान लहान चोपड्या मागवीत. बालविवाह, मद्यपान, परदेशी साखर, मृतांच्या नावाने होणारी जेवणावळ, ज्या ज्या गोष्टीविरुद्ध लिहिता येते ती ती आमच्या घरात होती. इतर मुले 'कमळ', 'गवत', 'बदक' वाचायला शिकली. मी पहिला शब्द वाचला तो 'धिक्कार'. असे मूल मोठे होऊन छापखान्यातच यायचे. मी ज्या दिवशी नोकरीला आलो, त्या दिवशी माझ्या पिशवीत डबा नव्हता, स्वतः लिहिलेली चोपडी होती. देवऋषी, अंगात येणे, नवस, गंडेदोरे या सर्वांचा त्यात समाचार घेतला होता.

ती मी मल्हारी उस्तादांच्या हातात दिली.

उस्ताद तेव्हा पन्नाशीचे असतील. घराणे मूळचे सातारकडचे, जिनगरांचे. पणजोबा फौजेबरोबर माळव्यात आले, ते धारेस खोगिरे आणि पालख्या रंगवीत राहिले. उस्तादांच्या वेळी पालख्या कमी झाल्या आणि लग्नपत्रिका वाढल्या, म्हणून ते शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापतात त्यावर, चित्रे काढू लागले, आणि तिथून आमच्याकडे आले. आमच्या छापखान्यात कोणता कागद कसा दिसायचा, हे ते ठरवीत. अक्षर केवढे, किनार कोणती, चित्र कुठे, हे सगळे त्यांचे. या कामाला मराठीत अजून नाव नाही. तात्यासाहेब, म्हणजे आमचे मालक, त्याला 'मल्हारीची लहर' म्हणत.

उस्तादांनी माझी चोपडी उलटसुलट पाहिली. वाचली नाही, पाहिली. मग म्हणाले, "पंडित, पहिल्या पानावर उद्गारचिन्हं किती घातलीत?"

"मोजली नाहीत."

"मी मोजली. एकतीस. आपल्याकडे त्याचे खिळे आहेत अठ्ठावीस. तीन ठिकाणी तुम्हाला शांत राहावं लागेल. कुठे ते तुम्हीच ठरवा."

त्या दिवसापासून मी पंडित झालो आणि आजपर्यंत पंडितच आहे.

उस्तादांचे तत्त्वज्ञान एका वाक्यात मावते, आणि ते वाक्य गिऱ्हाइकाला कधीच पटत नसे. "कोरी जागा आपली नाही, वाचणाऱ्याची आहे." गिऱ्हाईक म्हणे, कागद मी आणला, मग तो भरून द्या. धारेला एका सरदारांच्या घरच्या लग्नाची पत्रिका त्यांनी केली होती, ती हकिकत ते स्वतःच रंगवून सांगत. एवढा मोठा कागद, मधोमध वधूवरांची नावे आणि मुहूर्त. ना गणपती, ना हत्ती, ना केळीचे खांब, ना चारी कोपऱ्यांत पऱ्या. सरदारांचे कारभारी तडक शिळेपाशी आले.

"मल्हारी, हे काय आहे? तीन भाग रिकामे?"

"लग्नाला माणसं यायची आहेत ना, कारभारी?"

"हो."

"त्यांना बसायला जागा ठेवली आहे."

कारभाऱ्यांना विनोद कळला, म्हणूनच उस्तादांची नोकरी गेली. न कळता तर कदाचित टिकली असती.

देवासला आल्यावरही सुधारले नाहीत. आमच्याकडे एक वैद्य चूर्णाच्या डबीसाठी चिठ्ठी छापायला आले. बोटभर कागदावर बेचाळीस रोगांची नावे हवी होती. उस्तादांनी त्यांना घडवंचीवर बसवले, पाणी दिले आणि विचारले, "वैद्यबुवा, इथे तुम्ही आणि मीच आहोत. खरं सांगा, यातला कोणता बरा होतो?"

वैद्यबुवांनी छताकडे पाहिले. "पोट साफ होतं," ते म्हणाले.

उस्तादांनी चिठ्ठीवर मोठ्या खिळ्यांत एकच शब्द छापला, 'पोट'. खाली बारीक अक्षरांत वैद्यांचे नाव. वैद्यबुवांनी छापखान्यात उभे राहून आम्हाला जे ऐकवले, त्यात त्यांच्या यादीतले निम्मे रोग आले. दोन महिन्यांनी तेच परत आले, "तीच छापा, पुन्हा," म्हणाले आणि उस्तादांकडे न पाहता निघून गेले.

उस्तादांची आणखी एक रीत होती, ती मला फार लागे. कोणत्याही कामाचा पहिला कच्चा छाप ते मालकांना दाखवीत नसत, मलाही नाही. ते तो गंगाबाईला दाखवीत. गंगाबाई आमच्याकडे पाणी भरी. छापखान्याला पाणी पुष्कळ लागते, कागद भिजवायला, शिळा पुसायला, हात धुवायला. ती माळव्यातली, बोलणे अस्सल माळवी, वय साठीच्या आसपास आणि तिला एक अक्षर येत नव्हते. ती डोक्यावरची घागर उतरवी, उस्ताद कागद तिच्यापुढे धरीत आणि विचारीत, "गंगाबाई, कई दिखे?" काय दिसते?

ती म्हणे, "एक मोटो आदमी बीच में ऊबो हे, ने छोटा छोटा चोपेर." मध्ये एक मोठा माणूस उभा आहे आणि भोवती लहान लहान. म्हणजे मथळा उठून दिसतो आहे. किंवा म्हणे, "बजार भर्यो हे." बाजार भरला आहे. मग उस्ताद सगळा मजकूर मोडून पुन्हा मांडीत, आणि जुळवायला अर्थातच मी असे.

मी एकदा चिडून म्हणालो, "उस्ताद, ज्या बाईला वाचता येत नाही तिला विचारून वाचायचा कागद ठरवायचा? हा अक्षरांचा अपमान आहे."

"पंडित, या गावात शंभरांतले नव्वद तिच्यासारखे. बाकीचे दहा तुमची चोपडी वाचतात का?"

ते बोलणे मला तेव्हा पटले नाही. आता मूळ हकिकतीकडे येतो.

देवासची गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते. गाव एक आणि राज्ये दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून रस्ता जातो, अलीकडे एक, पलीकडे दुसरी. आम्हाला याचे काही वाटत नाही, आमचे तात्यासाहेब मात्र याच्या काळजीने वाळले होते. छापखाना दोन्हींकडचे काम करी, म्हणून दोन्हींकडची मर्जी राखणे हा त्यांचा धर्म झाला होता. दोन्ही सरकारांची नावे एका कागदावर यायची असली की ते घरून दोरा आणीत. या नावाची लांबी दोऱ्याने मोजायची, मग त्याची. एक नाव जात्याच मोठे असले तर दुसऱ्याच्या अक्षरांमध्ये कोऱ्या पट्ट्या घालून ते ताणायचे. शेजारी शेजारी घातली तर डावे आधी वाचले जाते. खाली-वर घातली तर एक खाली जाते. कोणी त्यांना असे करायला सांगितले नव्हते. दोन्हींकडच्या एकाही अधिकाऱ्याने कधी दोरा लावून पाहिला नसेल. पण तात्यासाहेबांना झोप येत नसे.

त्या उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली.

रस्त्याच्या कडेला, अगदी हद्दीवर, एक विहीर होती. दोन्हींकडच्या गल्ल्या तिच्यावर पाणी भरीत. दवाखान्याच्या डॉक्टरांनी पाणी तपासले आणि मंगळवारी सकाळी आमच्याकडे मजकूर पाठवला. या विहिरीचे पाणी पिऊ नये, अर्ध्या कोसावरच्या बावडीचे आणावे, तेही उकळून. दोन्हींकडची संमती होती. डॉक्टरांनी वर लाल पेन्सिलीने लिहिले होते, 'आजच'.

मजकूर आठ ओळींचा. मी तो दुपारच्या आत जुळवला. मग तात्यासाहेबांचा दोरा आला.

मंगळवारची संध्याकाळ नावांत गेली. बुधवारी सकाळी ती गोलाकार जुळवून पाहिली, म्हणजे ना डावे ना उजवे. पण सरळ खिळे गोल बसत नाहीत, चौकट उचलली तशी अर्धी ओळ माझ्या पायावर पडली. बुधवारी दुपारी तात्यासाहेब म्हणाले, दोन वेगवेगळे कागद काढू. तासाभराने म्हणाले, पण आधी कोणता चिकटवायचा? मी संतापाने काळानिळा झालो होतो, आणि खरे सांगायचे तर त्याच संतापात मी डॉक्टरांच्या आठ ओळींखाली स्वतःच्या बावीस घातल्या होत्या. अज्ञान, आळस, अस्वच्छता, सगळ्यांचा समाचार. म्हणजे तात्यासाहेब दोऱ्याने उशीर करीत होते आणि मी शब्दांनी. उस्ताद कोपऱ्यात बसून दोघांकडे पाहत होते.

गुरुवारी सकाळी गंगाबाई घागर घेऊन आली. घागर उतरवली आणि तिथेच खाली बसली.

"बहू के दवाखाने लई गया," ती म्हणाली. सून दवाखान्यात. आदल्या संध्याकाळपासून उलट्या. शेजारचा कुंभार पहाटे गेला.

तिच्या शेजारी ती घागर होती, आणि ती त्याच विहिरीवरून भरलेली होती. माझा जुळवलेला मजकूर चौकटीत जसाच्या तसा पडला होता.

उस्ताद उठले. सागवानाचा एक जाड गुळगुळीत तुकडा त्यांनी तिच्यासमोर ठेवला. "गंगाबाई, हाथ रख." तिने काही न विचारता पंजा ठेवला. उस्तादांनी पेन्सिलीने बोटांभोवती रेघ ओढली. "आता जा दवाखान्यात. पाणी आज नको."

ती गेली, तसे तात्यासाहेब पुढे आले. "मल्हारी, काय चालवलं आहेस?"

"कागद काढतोय."

"आणि नावं?"

"नावं नाहीत."

"नावं नाहीत? मग माझं काय होईल?"

"तात्यासाहेब," उस्ताद कोरायची टाकी उचलून म्हणाले, "मला आजच काढून टाका. मग तुमच्यावर काही येणार नाही. फक्त चार तास इथे बसू द्या."

तात्यासाहेब वाईट माणूस नव्हते. ते दोरा खिशात घालून घरी गेले, आणि जाताना दार लोटून गेले.

उस्तादांनी दुपारपर्यंत पंजा कोरला. त्यांच्या पेटीत कापडावर छापायचे काही ठसे होते, बाग-कुक्षीकडच्या एका छिप्याकडून घेतलेले. त्यात लुगड्याच्या काठावरचा एक कलश होता. तो त्यांनी खालून तासून खिळ्यांच्या उंचीचा केला आणि उलटा बसवला. वर पंजा, खाली पालथी घागर. अक्षरे दोनच ओळी, 'हे पाणी पिऊ नका' मराठीत आणि तेच हिंदीत. भोवती चारी बाजूंनी वीतभर कोरी जागा. माझ्या बावीस ओळी त्यांनी अलगद उचलून बाजूला ठेवल्या. त्या वेळी मला त्याचे दुःख झाले नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. झाले ते नंतर.

पण अगदीच गप्प राहिलो तर मी कसला पंडित? म्हणालो, "उस्ताद, शाई लाल हवी."

"काळी लावलेली आहे. शाईचं लाटणं धुवायला घटकाभर जाईल."

"जाऊ दे. लाल म्हणजे धोका. लाल दिसलं की माणूस थांबतो."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. "लाल पंजा, पंडित?"

"लालच."

"बघा बरं."

मी लाटणे धुतले, लाल शाई लावली आणि पहिला छाप काढला. तेवढ्यात गंगाबाई दवाखान्यातून घराकडे जाताना दारात थांबली. सून जिवंत होती. उस्तादांनी कागद तिच्यापुढे धरला. "कई दिखे?"

तिने बराच वेळ पाहिले. सकाळची घागर तशीच भरलेली होती, ती तिने उचलली, बाहेर नेली आणि नालीत पालथी केली.

मला अत्यानंद झाला. "पाहिलंत? समजलं तिला! शास्त्र समजलं!" उस्ताद म्हणाले, "छापा."

दुपारी कागद विहिरीवर आणि दोन्हींकडच्या गल्ल्यांत लागले. संध्याकाळी मी पाहायला गेलो. विहिरीवर एकही माणूस नव्हता. दोर नाही, घागर नाही. कागदाच्या या विजयाने माझे डोळे भरून आले, आणि भरलेल्या डोळ्यांनी मी जवळ गेलो तर विहिरीच्या काठावर, कागदाखाली, उदबत्ती जळत होती. शेजारी दोन लिंबे. एक नारळ.

माळव्यात मातेची स्थापना करायची तर भिंतीवर लाल पंजा उमटवतात. त्याला थापा म्हणतात. हे मी जन्मापासून दर घरात पाहत आलो होतो. पण चोपड्या वाचून वाढलेल्या माणसाला 'लाल म्हणजे धोका' हे आठवते, आणि स्वतःच्या गल्लीतली भिंत आठवत नाही. देवऋषींचा समाचार घेणाऱ्या मी त्या दुपारी चाळीस ठिकाणी माता बसवली होती. आणि थाप्याखाली पालथी घागर, म्हणजे माता उठेपर्यंत हे पाणी ओढू नये, असा अर्थ सगळ्यांनी लावला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विहिरीत औषध टाकले, आणि त्याने पाणी चांगले गुलाबी झाले. मग तर कोणालाच शंका उरली नाही.

त्या संध्याकाळी मी छापखान्यात परतलो आणि खिळ्यांवर तुटून पडलो. 'हे देवीचे चित्र नव्हे', साठ ओळी. उस्ताद शांतपणे बिडी ओढत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं!" मी म्हणालो.

"मी तुम्हाला विचारलं होतं, पंडित. लाल पंजा, असं."

"हे फसवणं आहे."

"मी हात काढला. घागर काढली. खाली खरं तेच लिहिलं. बाकी कोरं ठेवलं. त्या कोऱ्यात लोकांनी काय पाहावं हे मी कोण ठरवणार?"

"मी उद्या हा कागद लावणार."

"लावा. फक्त लावायच्या आधी तिला दाखवा."

सकाळी मी गठ्ठा आणि खळ घेऊन निघालो. विहिरीपाशीच गंगाबाई भेटली. बावडीवरून अर्धा कोस पाणी घेऊन येत होती, घामाने निथळत. मी तिला सगळे समजावले. ही माता नाही, हा छापखान्यातला ठसा आहे, शाई मी लावली. शेवटी हुकमाचे पान टाकले. "गंगाबाई, तो पंजा तुझाच आहे!"

"म्हके मालम हे, भिया," ती म्हणाली. मला ठाऊक आहे. "हाथ तो म्हारो ज हे. थापो तो सदा कोई लुगाई का हाथ को ज होय. माता का अपणा हाथ कां हे?"

थापा नेहमी कुठल्या तरी बाईच्याच हाताचा असतो, मातेला स्वतःचे हात कुठे आहेत? मी गठ्ठा खाली ठेवला.

"आणि नुसता कागद असता तर?"

"कागद तो रोज चिपके. कागद का वास्ते कुण आदो कोस चाले?" कागदासाठी अर्धा कोस कोण चालणार?

तिने घागर सावरली आणि ती चालू लागली. मी गठ्ठा घेऊन परत आलो. तो मी लावला नाही. लावायला हवा होता असे मला आजही महिन्यातून एकदा वाटते, आणि लावला नाही ते बरे झाले असे बाकीचे दिवस. त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या गल्ल्यांत त्यानंतर नवा आजारी निघाला नाही. पण मंगळवार सकाळ ते गुरुवार दुपार, हे दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. कुंभाराने ते पाणी बुधवारी प्यायले होते. त्या दिवशी आम्ही नावे गोल जुळवीत होतो.

सगळे निवळल्यावर दोन्हींकडचे कारकून वेगवेगळ्या दिवशी, सहज म्हणून, छापखान्यात येऊन गेले. कागदाची वाखाणणी झालेली होती, तेव्हा आपले नाव कुठे दिसले नाही, एवढेच दोघांचे म्हणणे. तात्यासाहेब खिशातला दोरा चाचपत होते. उस्तादांनी पहिल्याला कागदाच्या वरची कोरी जागा दाखवली. "ही सरकारांसाठीच राखली होती. अशा कागदावर मोठं नाव शोभेना, म्हणून मान म्हणून मोकळी ठेवली." कारकून खूष. दुसऱ्यालाही तीच जागा, तेच शब्द. तोही खूष. तात्यासाहेबांनी त्या दिवशी दोरा फेकून दिला असे म्हणायला मला आवडेल. त्यांनी तो फक्त लहान केला.

पण गोष्ट इथे संपली नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी विहीर शुद्ध झाल्याचे कळवले. उस्तादांनी दुसरा कागद काढला, उभी भरलेली घागर, या वेळी काळ्या शाईत. कागद लागला. विहिरीवर कोणी आले नाही. वैशाखाचे ऊन, बायका अजून अर्धा कोस जात होत्या, गंगाबाईच्या गुडघ्यांना सूज आली होती, अंगात ताकद नसलेली सून तिच्यामागून लहान कळशी घेऊन चाले. आणि दाराशी थंडगार पाण्याची विहीर तशीच पडून, कारण माता अजून तिथे बसली होती.

उस्ताद पहिल्यांदाच हरल्यासारखे दिसले. "आणायचं चित्र काढता येतं, पंडित," ते म्हणाले. "परत पाठवायचं मला येत नाही."

मी गंगाबाईला विचारले, काय केल्याने लोक येतील? ती क्षणभर थांबली नाही. "तमने बिठाई, तम ज बिदा करो." तुम्ही बसवली, तुम्हीच निरोप द्या.

संपादक महाशय, आता मी तुमची अट पाळतो आहे, बघा. कारण धिक्कार करायचा तर तो मला माझाच करावा लागेल. पुढच्या मंगळवारी सकाळी, दोन्हींकडच्या गल्ल्या जमलेल्या असताना, नवस आणि गंडेदोरे यांवर चोपडी लिहिणारा मी विहिरीवर उभा राहिलो. हातात नारळ होता. गंगाबाई शेजारून सांगत होती आणि मी करीत होतो. हळद वाहिली. कुंकू वाहिले. दही-भात ठेवला. नारळ एका फटक्यात फुटला नाही, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "पंडितजी के आदत नी हे," आणि सगळ्या हसल्या. मला सवय नाही, हे खरेच होते. मग मी दोर सोडला, पहिली घागर ओढली आणि सर्वांसमोर ओंजळभर पाणी प्यालो. ती ओंजळ मात्र माझ्या तत्त्वाची होती. बाकी सगळे त्या ओंजळीसाठी.

विहिरीवरचा लाल पंजाचा कागद उतरवायच्या आधी गंगाबाईने ताटलीतल्या ओल्या कुंकवात पंजा बुडवला आणि कागदाच्या वरच्या कोऱ्या जागेत एकदाच टेकवला. हा निरोपाचा थापा. दुपारपर्यंत विहिरीवर रांग लागली होती.

तो कागद मी जपून काढला आणि आणला. पुढे उस्तादांची नजर गेली आणि ते धारेस मुलीकडे जाऊन राहिले. गेल्या चैत्रात त्यांना भेटायला गेलो तेव्हा कागद बरोबर नेला. आता ते विचारतात आणि दुसऱ्याने सांगायचे असते.

"कई दिखे, पंडित?"

"दोन पंजे आहेत, उस्ताद. एक आपण छापलेला. दुसरा तिने उमटवलेला, वरच्या कोऱ्या जागेत. बोट न् बोट सारखे."

"सरकारांच्या जागेत?"

"हो."

ते खूप वेळ हसले. मग त्यांनी कागदावरून बोटे फिरवली. शाईचा पंजा हाताला लागत नाही, कुंकवाचा थोडा खरबरीत लागतो. तिथे त्यांचे बोट थांबले.

"बरोबर माणसाने भरली," ते म्हणाले.

संपादकांस एक विनंती. या लेखाखाली अर्धे पान उरेल असा माझा हिशेब आहे, मी जुळारी आहे, चुकणार नाही. त्यात केसांच्या तेलाची जाहिरात घालू नये. कोरे शिसे कमी पडले तर माझ्याकडून न्यावे.